साहेबांनी वाटलेला अखत्यार

आमच्या संस्थेच्या ठरावांच्या वहीत साहेबांविषयी एक वाक्य आहे. 'माजी व्यवस्थापकांनी कसलीही मर्यादा न घालता अधिकार वाटल्यामुळे संस्थेचे नुकसान झाले.' वाक्य खोटं आहे आणि अक्षर माझं आहे. संस्था बंद पडून खूप वर्षं झाली. वही कुठल्यातरी सरकारी कपाटात असेल नाहीतर रद्दीत गेली असेल. पण साहेबांच्या नातवंडांना आणि जे चार-दोन जुने विणकर अजून आहेत त्यांना साहेबांविषयी एवढंच माहीत आहे. मी आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. आणखी थांबण्यात अर्थ नाही.

पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं होऊन गेल्यावर आमची संस्था निघाली. आसपासच्या धनगरांकडून लोकर घ्यायची, सूत कातून घ्यायचं, विणकरांकडून घोंगड्या विणवून विकायच्या, असं काम. मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं ऑफिस, त्यामागे पत्र्याचं गोदाम आणि अंगणात चिंचोक्याची खळ शिजवायची एक मोठी चूल. विणण्याआधी सुताला ही खळ लावतात. तिचा वास फायलींना यायचा आणि साहेबांच्या गळाबंद कोटालाही यायचा.

मी तिथं सहायक म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी एक कागद सहीला नेला. साहेब खुर्चीतून उठले, कोटाची बटणं लावली, चष्मा पुसला, कागद मोठ्यानं वाचला आणि उभ्यानंच सही केली. मला वाटलं, बाहेर निघाले असतील. पण ते पुन्हा बसले. दुसरा कागद पुढं केला तर पुन्हा उठले. नंतर कधीतरी मी कारण विचारलं. म्हणाले, "बसून केलं की हात सवयीनं चालतो. उठलं की कळतं, आपण कुणाला तरी बांधून घेतोय."

सारखं उठावं लागू नये म्हणूनच साहेब सह्या दुसऱ्यांना वाटतात, असं आमचा शिपाई जब्बारभाई म्हणायचा. "घुटने दुखते ना साब के."

वाटायचे हे मात्र खरं. ते 'अधिकार' म्हणायचे नाहीत, 'अखत्यार' म्हणायचे. त्यांचं शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. मराठी लिहायला ते फार उशिरा शिकले, त्यामुळे अक्षर तिसरीतल्या पोरासारखं मोठं आणि सुटं सुटं. त्या अक्षरात ते प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहून द्यायचे. काय ठरवायचं, कुठपर्यंत ठरवायचं, आणि काय ठरवायचं नाही. एक प्रत त्या माणसाकडं, एक फायलीत. देण्याआधी ती चिठ्ठी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे, कारण आमच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. राखणदाराकडं कुलपं, कंदील आणि रॉकेल यांचा अखत्यार होता. खळ शिजवणाऱ्या म्हाताऱ्याकडं चिंचोके आणि सरपण. जब्बारभाईकडं चहा.

चहाचं प्रकरण गावभर झालं होतं. एकदा जिल्ह्याच्या ऑफिसातले एक मोठे अधिकारी आले. साहेबांनी त्यांना बसवलं, बोलणं झालं, अर्धा तास गेला, चहाचा पत्ता नाही. अधिकारी सारखे दाराकडं बघत होते. शेवटी साहेबच म्हणाले, जब्बारभाई, चहाचं कसं काय? जब्बारभाईनं अधिकाऱ्यांकडं नीट बघितलं आणि अदबीनं विचारलं, "साब, तुम तो बाजू के दफ्तर से आए ना?" त्याचा नियम होता, लांबून आलेल्या माणसाला चहा. कन्नडहून, खुलताबादहून पायी आलेल्या धनगराला दोन कप मिळायचे. बाजूच्या ऑफिसातल्या माणसाला एकही नाही. अधिकारी तसेच गेले. मी साहेबांना म्हटलं, तुम्ही नुसतं सांगितलं असतं तरी त्यानं आणला असता. साहेबांना हे खरोखरच कळलं नाही. "चहा त्यांच्याकडं आहे. मी कसा सांगू?"

हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. निजामाच्या काळात ते करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या, कारकून होते. एका तांबोळ्याची विड्याच्या पानांची गाडी नाक्यावर अडकली. कागदात काहीतरी चूक होती. गाडी सोडायचा हुकूम नाकेदाराला देता येत नव्हता, त्याच्या वरच्यालाही येत नव्हता. कागद हैदराबादेपर्यंत गेला. तांबोळी रोज पानांवर पाणी शिंपडायचा आणि पानं उलटीपालटी करायचा. हुकूम आला त्या दिवशी गाडीत फक्त चिखल होता. तांबोळ्यानं गाडी तिथंच रिकामी केली आणि जाताना साहेबांना सलाम करून गेला. साहेब म्हणायचे, शिव्या देऊन गेला असता तर मी विसरलो असतो. त्या नाक्यावर सहा माणसं होती, सहाही जणांना पानं सडताना दिसत होती आणि एकालाही सही करता येत नव्हती. ज्याला माल दिसतो त्याच्याच हातात सही पाहिजे, हे त्यांनी तिथं ठरवलं.

त्यांच्या घरीही हाच कारभार होता. एकदा मी दौलताबादहून येताना सीताफळांची पाटी त्यांच्याकडं नेली. साहेब दारात आले, पाटीकडं प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, घरात विचारावं लागेल. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शेजारी गेल्या होत्या. त्या येईपर्यंत आम्ही दोघं पाटी मधे ठेवून ओट्यावर बसलो. काकू आल्या, पाटी आत घेतली आणि मला म्हणाल्या, "ह्यांच्याकडं घरातला एकच अखत्यार आहे बरं का. घड्याळाला चावी द्यायची. ती पण परवा विसरले."

पण ज्या चिठ्ठीवरून खरी भांडणं झाली ती कौसाबाईंची.

कौसाबाई धनगराच्या, दौलताबादजवळच्या एका वाडीवरच्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आलेली लोकर निवडायचं काम त्यांच्याकडं होतं. लोकरीचं वजन वाढवायला लोक तिच्यात वाळू घालतात, पाणी मारतात. कौसाबाई पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, मूठभर लोकर बाहेर काढून तळहातावर चोळायच्या, वास घ्यायच्या आणि शंका आली तर चार तंतू चुलीत धरायच्या. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो. कापूस मिसळला असेल तर चिंधी जळल्यासारखा येतो. साहेबांनी त्यांना लोकर नाकारायचा अखत्यार दिला होता. कुणाचीही.

संस्थेचे अध्यक्ष मोठे जमीनदार, मेंढरंही पुष्कळ. एका मोसमात त्यांच्या घरच्या लोकरीच्या गाड्या आल्या आणि कौसाबाईंनी त्या दारातूनच परत पाठवल्या. वाळू होती. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी जीपमधून आले. आवाज मोंढ्यापर्यंत ऐकू गेला असेल. आपल्याच संस्थेत आपलीच लोकर एक बाई परत करते म्हणजे काय, व्यवस्थापक कोण आहे इथं, ती का तुम्ही, असं बरंच. साहेब उठून उभे राहिले. मला वाटलं, आता सही करून लोकर घेणार. त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे चाचपले, आतला खिसाही बघितला आणि अगदी साधेपणानं म्हणाले, "माझ्याकडं नाही हो. त्यांना देऊन टाकला."

"मग परत घ्या."

"परत घेता येतो. पण मग पुढच्या गाडीपासून. ही गाडी त्यांच्याकडं असतानाची आहे."

अध्यक्षांनी त्या गाड्या घरी नेल्या, लोकर धुतली, वाळवली आणि पुन्हा आणली. कौसाबाईंनी हात घालून बघितलं आणि म्हणाल्या, "आता बरी हाय. आधीच धुतली असती तर बैलांचा फेरा वाचला असता." अध्यक्ष ते विसरले नाहीत.

आता माझं सांगतो.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. पाऊस कमी झाला होता, मेंढरं चाऱ्यासाठी लांब गोदाकाठी गेली होती आणि लोकर येत नव्हती. थंडीच्या आत वसतिगृहांना घोंगड्या द्यायचं काम संस्थेनं घेतलेलं. माग रिकामे होते, विणकर रोज येऊन बसून जात होते. त्यातच काकूंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साहेबांना आठ दिवस हैदराबादला जावं लागलं. त्यांनी स्वतःचा सगळा अखत्यार मला लिहून दिला. निघताना टांगा दारात उभा होता, जब्बारभाई काकूंना टांग्यात बसवत होता. साहेबांनी मला आणि कौसाबाईंना गोदामाच्या दारात उभं केलं आणि चिठ्ठी वाचली. आठ दिवसांसाठी माझ्या सर्व सह्या यांच्याकडे. एक सोडून. कौसाबाईंनी हात लावल्याशिवाय लोकरीचा करार करू नये. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, कबूल? मी म्हटलं, कबूल.

पाचव्या दिवशी बाहेरगावचा एक व्यापारी आला. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात वेलदोडा. रुमालात नमुन्याची लोकर होती. काळीभोर, लांब तंतूची. एवढीच दोनशे पोती तयार आहेत, दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळच्या गाडीनं येतंय, आज करार आणि आगाऊ रक्कम दिली तर माल तुमचा, असं त्याचं म्हणणं. तो मला मॅनेजरसाहेब म्हणत होता.

कौसाबाई वीस पावलांवर गोदामात होत्या. मी त्यांना हाक मारू शकत होतो. त्यांनी नक्की म्हटलं असतं, नमुना नको, कुठलंबी एक पोतं आणा. पण मॅनेजरसाहेब म्हणणाऱ्या माणसासमोर, 'थांबा, आमच्या लोकर निवडणाऱ्या बाईंना विचारतो,' हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर येईना. एवढंच झालं. लाच नव्हती, लोभ नव्हता. लाज वाटली, म्हणून मी सही केली. बसून केली.

साहेब परत आल्यावर मी त्यांना फक्त करार झाल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, बाईंनी बघितली? मी म्हटलं, माल आल्यावर बघतील. मला त्या दिवशी एकदाच 'जनाब' म्हणाले. रागावले की ते मला जनाब म्हणायचे.

माल आला. कौसाबाईंनी पहिल्या पोत्यात हात घातला आणि तोंड फिरवलं. चार तंतू चुलीत धरले. सगळ्या अंगणात चिंधी जळल्याचा वास पसरला. वरच्या थराखाली गिरणीतला काळा रंगवलेला कापसाचा कचरा होता. व्यापाऱ्यानं दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नव्हतं. त्या हिवाळ्यात घोंगड्या गेल्या नाहीत. विणकरांच्या घरी काय झालं असेल ते मी तेव्हा मुद्दाम बघायला गेलो नाही.

चौकशी लागणार हे कळलं त्या दुपारी मी फायलीतली चिठ्ठी काढली, माझ्याजवळची प्रत घेतली आणि दोन्ही खळीच्या चुलीत टाकल्या. खळ ढवळणारा म्हातारा म्हणाला, कागदानं जाळ धरत नाय हो, लाकडं द्या. मी हसलोसुद्धा.

चौकशीला वरून आलेले अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी साहेबांना विचारलं, सहायकाला अधिकार देताना काही मर्यादा घातली होती का? साहेब म्हणाले, घातली होती, फायलीत आहे. फाईल उघडली, कागद नव्हता. साहेबांनी ती पुन्हा पहिल्यापासून एकेक पान करून चाळली. मग अधिकारी माझ्याकडं वळले. अशी काही अट होती का?

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं होतं रागानं बघतील. ते तसं बघत नव्हते. बोलता बोलता अडलेल्या माणसाला शब्द सापडावा म्हणून आपण थांबतो, तसे ते थांबले होते. बराच वेळ थांबले. भिंतीपलीकडं कौसाबाई पोती उसवत होत्या, तो आवाज येत होता. त्यांना आत बोलावून विचारावं असं अधिकाऱ्यांना सुचलं नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईला करारातलं काय कळणार, असंच त्यांना वाटलं असेल. साहेबांनीही त्यांचं नाव घेतलं नाही. शेवटी ते उठले, कोटाची बटणं लावली आणि उभं राहून म्हणाले, "मग माझ्याच सांगण्यात कमी राहिलं असेल. लिहून घ्या. सही मी त्यांना दिली होती. जबाबदारी दिली नव्हती, ती माझ्याकडंच आहे."

आठवड्याच्या आत त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षांनी ठराव सांगितला, मी वहीत उतरवला. वर दिलेलं वाक्य ते. त्याच बैठकीत मला व्यवस्थापक करण्याचा ठराव झाला. तोही मीच लिहिला.

पुढच्या बैठकीत सगळ्या चिठ्ठ्या रद्द झाल्या. सगळ्या सह्या अध्यक्षांकडं. रॉकेल संपलं तर राखणदार मला सांगायचा, मी कागद करायचो, कागद अध्यक्षांच्या गावी जायचा. जब्बारभाईनं चहाची किटली एके दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. कौसाबाई पहिल्यासारख्याच पोत्यात हात घालायच्या, वाळू सापडली की मला सांगायच्या, आणि मी पोती आत घ्यायला सांगायचो. सहा महिन्यांनी त्यांनी सांगणं सोडलं. घोंगड्या धुतल्या की विरायला लागल्या. वसतिगृहांनी दुसरीकडून घेतल्या. संस्था आणखी आठ वर्षं चालली, पण ती चालली म्हणण्यापेक्षा सडली. मला ते रोज दिसत होतं.

साहेब नंतर गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात पत्रव्यवहार बघायला लागले. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायचो. तरी एकदा गाठ पडलीच. ते दुकानाच्या पायरीवर उभे होते, कोट तोच. मला बघून त्यांना आनंद झाला, हे मी आजही शपथेवर सांगेन. दुकानातल्या माणसांविषयी भरभरून बोलले. मापं घेणाऱ्या एका पोराला उधार नाही म्हणायचा अखत्यार त्यांनी मालकाकडून मिळवून दिला होता आणि त्या पोरानं पहिल्यांदा मालकाच्या साडूला नाही म्हटलं होतं. सांगताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून. मग त्यांनी विचारलं, "बाई नाही म्हणतात ना अजून?"

मी म्हटलं, म्हणतात की.

"मग काही बिघडलेलं नाही," ते म्हणाले आणि आत गेले. मला अजून बोलावंसं वाटत होतं. पण त्या एका खोट्यानंतर काय बोलणार. दोन वर्षांनी ते वारले. मी अंत्ययात्रेला गेलो, खांदाही दिला, आणि लोक म्हणाले, किती मान ठेवतात जुन्या साहेबांचा.

मागच्या दिवाळीनंतर मी कौसाबाईंना शोधत बजाजनगरला गेलो. त्यांचा नातू वाळूजला कारखान्यात आहे, त्याच्याकडं त्या असतात. नव्वदीला टेकल्या आहेत. नजर गेली आहे, कान शाबूत आहेत. नातसुनेनं मला खुर्ची दिली. मी नाव सांगितल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "लई दिसांनी आलासा."

मी त्यांना सगळं सांगितलं. चूल, दोन्ही चिठ्ठ्या, आठवत नाही म्हटलं ते. माझं संपल्यावर म्हणाल्या, "मला ठावं व्हतं की. माझ्याम्होरंच वाचली व्हती ना चिठ्ठी."

मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारायचा मला काही हक्क नव्हता.

"निघाले व्हते की मी सांगायला. चवकशीवाला सायेब मोटारीत बसत व्हता. आपल्या सायबांनी अडवलं." त्यांनी हातानं हवेत कुणाला तरी अडवल्यासारखं केलं. "म्हणले, बाई, तुमी सांगू नका. ते सांगतील. जरा घाबरलेत, येळ लागंल, पर त्येच सांगतील. पुढं दोन-तीनदा बाजारात भेटले, तवाबी हेच. म्हणायचे, बघा तुमी, सांगतील."

नातसून चहा घेऊन आली, तो माझ्या हातात तसाच राहिला. कौसाबाईंनी विचारलं, रडता का? मी नाही म्हटलं.

"व्हय का," त्या म्हणाल्या. "मंग चहा प्या. आन् मला सांगून काय उपेग हाय. मला ठावंच व्हतं. सायबांच्या पोराबाळांना ठावं नाय. त्यांला सांगा."